चपला हातात घेऊन आत या : संधिवात आणि आपले पाय

दवाखान्याच्या दाराशी आलो की आपण आधी चपला काढतो. देवळासारखीच ती सवय अंगात मुरलेली आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, संधिवाताच्या रुग्णांना व्यायाम शिकवते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांना आता आधीच सांगून ठेवते की चपला बाहेर ठेवू नका, हातात घेऊन आत या. लोक गोंधळतात. कुणी पिशवीत घालून आणतं, कुणी पाठीमागे धरून उभं राहतं. पण तुमचा पाय दिवसभर काय सोसतो हे जितकं तुमची चप्पल सांगते, तितकं तुम्ही स्वतःही सांगत नाही.

एका काकूंची चप्पल अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांचं पोळीभाजी केंद्र. पहाटे पाचपासून अकरापर्यंत शहाबादी फरशीवर उभं राहून पोळ्या लाटायच्या. अकरा वर्षांचा जुना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. औषधं नियमित, रक्ताचे रिपोर्ट बरे, हाताची बोटं बऱ्यापैकी सरळ. मनगटासाठी माझ्याकडे आल्या होत्या. मी चप्पल मागून घेतली. आतल्या बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याएवढे दोन खड्डे पडले होते, काळे आणि गुळगुळीत. बोटांची टोकं जिथं टेकायला हवीत तिथं चप्पल कोरी होती. टाचेची आतली कड झिजून तिरकी झालेली. मी विचारलं, "काकू, चालताना तळव्याखाली खडे असल्यासारखं वाटतं का?" त्या म्हणाल्या, "घरातल्या फरशीवरसुद्धा वाटतं. तुम्हाला कसं कळलं?"

अकरा वर्षांत हे त्यांनी एकाही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. वय झालं, वजन वाढलं, उभ्याचं काम आहे, पाय दुखणारच, असं धरून चालल्या होत्या.

डॉक्टरांनी का विचारलं नाही, याचं एक साधं कारण आहे आणि ते प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवं. ऱ्हुमॅटॉइड किती जोरात आहे हे मोजायला जगभर डीएएस-२८ नावाची मोजणी वापरतात. त्यात २८ सांधे दाबून पाहतात: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस. मोजणी गुडघ्यापाशी संपते. त्यात घोटा नाही, पायाचं एकही बोट नाही. ही पद्धत वाईट नाही, पाच मिनिटांत होते, आणि तिच्या आधारावर औषधं ठरवल्यामुळे लाखो लोकांचे हात वाचले आहेत. पण पायात सूज असूनही कागदावर 'आजार आटोक्यात' असं येऊ शकतं. म्हणून पाय दाखवायची जबाबदारी बरीचशी आपल्यावर येते. मोजे काढा आणि म्हणा, डॉक्टर, हेही बघा.

आता पायात नेमकं काय होतं ते पाहू. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि सांध्याला धरून ठेवणारे बंध ताणून सैल करतं. चवड्यात, म्हणजे बोटांच्या मुळाशी, पाच सांधे एका ओळीत असतात आणि आजार तिथं फार लवकर पोचतो. कित्येकांना तर पहिली खूण तिथंच दिसते: सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं टाकवत नाहीत. तो ताठरपणा अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त टिकत असेल, तर ती नुसती थकव्याची दुखण नाही.

बंध सैल झाले की बोटं मुळाशी वर उचलली जातात आणि मधल्या पेरात वाकून पक्ष्याच्या नख्यांसारखी होतात. चवड्याखाली निसर्गाने चरबीची एक गादी दिलेली असते. बोटं वर गेली की ती गादीही पुढे ओढली जाते. जुन्या गादीतला कापूस एका बाजूला सरकला की पाठीला फळी लागते ना, तसंच. गादी बोटांकडे गेली आणि हाडांची टोकं थेट जमिनीवर आली. शरीर त्यावर जाड कातडीचा थर चढवतं, तीच भोवरी. मग ती भोवरीच खड्यासारखी टोचते. वरून वाकलेलं पेर चपलेच्या पट्ट्याला घासतं आणि तिथं कुरूप होतं. अंगठा बाकीच्या बोटांकडे कलतो, दुसरं बोट त्याच्यावर चढतं. आणि घोट्याच्या आतल्या बाजूने जी शीर, म्हणजे खरं तर स्नायूची दोरी, पावलाची कमान उचलून धरते, ती सुजून कमजोर झाली की कमान बसते आणि टाच बाहेरच्या बाजूला कलंडते. काकूंच्या चपलेची आतली कड त्यामुळे झिजली होती.

घरी करून पाहण्यासारखी एक तपासणी आहे. हस्तांदोलन करताना समोरच्याचा हात दाबतो तसा चवडा दोन्ही कडांनी हलकेच दाबायचा. कळ आली, तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा. काकूंच्या पायांची पुढे सोनोग्राफी झाली, बोटांच्या मुळाशी सूज दिसली आणि त्यांचं औषध बदललं. पाय सांभाळायची पहिली पायरी आजार आटोक्यात आणणं हीच आहे, मऊ चप्पल ही दुसरी. हा क्रम उलटा झालेला मी फार पाहते.

इथं नावांचा एक घोळ सोडवायला हवा. 'संधिवात' या एका शब्दात आपण पुष्कळ आजार कोंबतो. वयाबरोबर सांधा झिजतो तो वेगळा, ऱ्हुमॅटॉइड वेगळा. आयुर्वेदातलं आमवाताचं वर्णन बरेच वैद्य याच्याशी जोडतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघरी पाहणी झाली होती. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली, त्यात साधारण दोनशेत एकाला ऱ्हुमॅटॉइड निघाला. म्हणजे मोठ्या गावात असे कितीतरी पाय आहेत.

प्रत्येक आजाराची पायावरची सही वेगळी. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात. अंगठ्याचं मूळ त्यांची आवडती जागा, कारण ते शरीराच्या टोकाला असल्यामुळे थंड असतं आणि थंडीत स्फटिक लवकर धरतात. रात्री झोपेत कळ सुरू होते, सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. रक्तातलं युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवलं की हे स्फटिक हळूहळू विरघळतात, म्हणून कळ थांबली की गोळ्याही थांबवायच्या असं करू नये. तरुण मुलाची टाच सकाळी दुखते, त्याला कुणीतरी 'हाड वाढलंय' सांगून मऊ चप्पल देतं. त्याला एक प्रश्न जरूर विचारा: पहाटे कंबर आखडते का, आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं का? उत्तर हो असेल तर तो मणक्याचा वात, ॲन्किलोझिंग स्पाँडिलायटिस, असू शकतो. सोरायसिसच्या वातात एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगतं आणि नखांवर शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखे बारीक खड्डे दिसतात. आणि चिकनगुनिया तर आपल्या ओळखीचाच. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती, २००६ मध्ये तो पुन्हा राज्यभर पसरला. ताप आठवड्यात जातो, घोटे महिनोन्महिने धरून राहतात. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवाच.

आता चपलांकडे येते, कारण माझा खरा जीव तिथं अडकलेला आहे.

संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतो. आता त्या आकृतीवर तुमची रोजची चप्पल ठेवा. पावलाची रेघ चपलेबाहेर जात असेल तर तेवढा पाय रोज चिरडला जातोय. बायकांच्या पुढून निमुळत्या चपलांत हे हमखास दिसतं. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी, आणि बोटं वाकलेली असतील तर वरूनही उंची हवी, नाहीतर कुरूप पुन्हा येतंच.

अंगठ्याची चप्पल, मग ती कोल्हापुरी असो की स्लिपर, ऱ्हुमॅटॉइडच्या पायाला मी नको म्हणते. कोल्हापुरीचं सगळं प्रेम मान्य करून म्हणते. तिला मागे पट्टा नसतो, त्यामुळे ती पायात राहावी म्हणून बोटं दर पावलाला जमीन धरल्यासारखी आवळतात, आणि वाकलेली बोटं आणखी वाकतात. शिवाय तिचा सपाट कडक तळ हाडाच्या टोकांना काहीच आधार देत नाही. लग्नाकार्यात तासभर घाला, बाजारहाटाला नको.

दुसरं टोक म्हणजे स्पंजासारखी मऊ चप्पल. दुकानात पाय घातला की स्वर्ग वाटतो, महिनाभरात दबून पापड होतो. चप्पल दोन्ही हातांनी ओल्या कपड्यासारखी पिळून पाहा. सहज पिळली जात असेल तर ठेवून द्या. ती बोटांपाशी थोडी वाकावी, मध्ये नाही. तळ बाहेरून टणक, आतून दाबल्यावर परत वर येणारा. टाच एक ते दीड इंचाच्या वर नको. मागे पट्टा हवा, आणि तो वेलक्रोचा हवा, कारण ज्यांचे पाय दुखतात त्यांच्या हाताच्या बोटांनाही बक्कल लावता येत नाही. चवड्याचे सांधे फार दुखत असतील तर पुढून होडीसारखा किंचित वर उचललेला कडक तळ मोठं काम करतो. पाऊल बोटांत न वाकता पुढे लोळतं.

आतल्या पॅडविषयी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती दुकानदारही चुकवतात. चवड्याचा पॅड दुखऱ्या जागेखाली ठेवायचा नसतो. तिथं ठेवला तर खड्याखाली आणखी एक खडा. तो दुखऱ्या जागेच्या जरासा मागे, टाचेच्या बाजूला बसवायचा. तिथून तो हाडांच्या दांड्यांना उचलतो आणि टोकांवरचा भार हलका होतो. जागा शोधायला माझी एक युक्ती आहे: तळव्यावर जिथं सर्वांत जास्त टोचतं तिथं लिपस्टिकचा ठिपका, नाहीतर ओल्या हळदीचं बोट लावा आणि चपलेत उभे राहा. आत छाप उमटतो. पॅडची पुढची कड त्या छापाच्या मागे. काकूंचा पॅड आम्ही तीनदा काढून चिकटवला तेव्हा कुठं त्या म्हणाल्या, "हां, आता खडा गेला."

तयार चपलेत जमत नसेल तर ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे पायाला आधार देणारी साधनं बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, पायाच्या मापाचा इनसोल करून घ्यावा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथं पायाच्या साधनांचा विभाग आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही चौकशी करा. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल, कुष्ठरुग्णांसाठी आणि मधुमेहींसाठी आपल्याकडे फार वर्षं बनते. ती संधिवाताच्या पायालाही चांगली. 'ती कुष्ठरोग्यांची चप्पल' म्हणून नाक मुरडणारे भेटतात, त्यांच्यावर मी मनापासून रागावते.

पण बाहेरची चप्पल कितीही चांगली घेतली तरी आपण बहुतेक वेळ घरात असतो, आणि घरात अनवाणी. संगमरवरी फरशी, कडप्प्याचा ओटा, थंडगार बाथरूम. ज्याच्या तळव्याची गादी सरकली आहे त्याच्यासाठी हीच सर्वांत कठीण जमीन. 'घरात चपला घालत नाही आम्ही,' हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यामागची भावना मला कळते. तोडगा एवढाच की एक नवी जोडी फक्त घरासाठी, उंबऱ्याबाहेर कधीच न गेलेली. एका आजींनी तर तिला हळदीकुंकू लावून घरात घेतलं. देवघरात आणि देवळात जाड, तळाला रबरी ठिपके असलेले मोजे चालतात.

जोडव्यांविषयी बोलायला मला स्वतःला जड जातं. ती घालतात त्याच बोटाचं मूळ ऱ्हुमॅटॉइडमध्ये बऱ्याचदा सुजतं. बोट सुजतं, जोडवं रुततं, खाली ओलावा साचतो, आणि कातडी फाटली तरी वरून दिसत नाही. कुणाला ती काढा म्हणणं म्हणजे काय असतं हे मी जाणते. म्हणून मी म्हणते, सराफाकडून उघडझाप होणारी सैल जोडवी करून घ्या, रात्री काढा, सूज असताना डबीत ठेवा. सूज आल्यावर साबणाने ओढत बसू नका, सराफ एका मिनिटात कापून देतो आणि पुन्हा जोडूनही देतो.

कातडीची काळजी साधी आहे, पण रोजची आहे. कोमट पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या मधल्या फटी जुन्या सुती कपड्याने टिपून कोरड्या करायच्या, मग टाचांना आणि तळव्याला व्हॅसलिन, खोबरेल किंवा कोकणात वापरतात ते कोकमतेल. फटींमध्ये तेल नाही. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या ओल्या फटींतच. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा, पायाने नाही. स्टेरॉइड बरीच वर्षं घेतलेल्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, आणि काहींच्या पायाची जाणीवही कमी झालेली असते. थंडीत ज्यांची बोटं पांढरी, मग निळी, मग लाल पडतात त्यांनी तर पाय एकदम गरम पाण्यात घालूच नयेत. लोकरीचे मोजे घालावेत, आणि तंबाखू, विडी, सिगारेट सोडावी. काशाच्या वाटीने तळपाय घासायला हरकत नाही, पण सुजलेला सांधा, गाठ किंवा भेग यांवर नाही, आणि गाऊटची कळ असताना अजिबात नाही.

भोवरीवर दाढीची पत्ती चालवू नका. कॉर्न कॅपही नको. तिच्यातलं ॲसिड भोवरी आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही, आणि अशा पायावर झालेली जखम आठवडे भरत नाही. अंघोळीनंतर वजरी हलक्या हाताने फिरवा, एका दिवसात संपवायची घाई नको. चपलेचा दाब हटला की भोवरी आपोआप पातळ होते. नखं अंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. कातर धरवत नसेल तर दर चार दिवसांनी कानस फिरवणं सोपं जातं.

आणि औषधांचं. मेथोट्रेक्झेट, ज्याची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, किंवा बायोलॉजिकल इंजेक्शनं, ही प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. म्हणून पायाच्या छोट्या जखमेतही जंतू लवकर जोर धरतात, आणि ताप किंवा लाली उशिरा दिसते. जखमेतून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरतेय, बोट काळं-निळं पडलंय, एकच सांधा अचानक तापून सुजलाय आणि अंगात ताप आहे, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ही औषधं काही दिवस थांबवायची का, ते त्यांनाच ठरवू द्या. स्टेरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही एकदम बंद करू नका. नाव नसलेल्या पुड्यांनी ज्यांना 'दोन दिवसांत आराम' पडला असेल त्यांनी ती पुडी डॉक्टरांना दाखवावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

व्यायाम दोनच सांगते, कारण दोनच रोज होतात. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीवर, पोटरीला ताण, तीस आकडे मोजेपर्यंत. आणि खुर्चीत बसून बोटं पंख्यासारखी पसरायची, मग सैल सोडायची, दहा वेळा. सूज जोरात असेल त्या दिवशी विश्रांती. एवढं सगळं करूनही पाऊल टाकवत नसेल तर शस्त्रक्रिया आहे. अंगठ्याचा सांधा सरळ करून कायमचा जोडतात, बाकीच्या बोटांची टोचणारी टोकं कमी करतात. सांधा जोडला की वाकत नाही, पण दुखतही नाही, आणि अशा पायांनी बाजारात फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

काकूंना खाली वाकून स्वतःचे तळवे दिसत नाहीत. त्यांचे यजमान एसटीतून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी ते गॅलरीत स्टूल टाकतात, मांडीवर टॉवेल, त्यावर काकूंचा पाय, हातात टॉर्च. तिकिटं तपासावीत तशी एकेक फट तपासतात. गेल्या श्रावणात चौथ्या आणि पाचव्या बोटांमध्ये त्यांना ओली भेग दिसली. काकूंना तिथं काही दुखत नव्हतं. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन केला, औषध सुरू झालं. मग मला फोन. मी म्हटलं, उद्या दाखवायला या. ते म्हणाले, "येतो. चपला कुठल्या आणू, घरातल्या की बाहेरच्या?"

मी म्हटलं, दोन्ही आणा.